पाच नंबरचा गजा

बॅटरीचं काम करणाऱ्या माणसाच्या खिशात नट जमतात. कुठल्या डब्यातून निघाले, कुठे बसायचे होते, काही आठवत नाही. कपडे धुवायला टाकले की बादलीत खुळखुळतात, तेव्हा कळतं. किस्स्यांचंही तसंच आहे. माझ्याकडे ते इतके जमले की आमच्या बिल्डिंगमधली दीपा म्हणाली, "काकू, एकदाचं लिहून काढा. तुम्ही प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसता आणि तिकडे सोल्डरिंग आयर्न जळत राहतं." म्हणून लिहिते आहे.

मी सुनंदा परब, बोरिवलीची. एकाहत्तर पूर्ण. शिक्षण सातवी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. विक्रोळीच्या एका कारखान्यात रेडिओच्या लाइनवर अठ्ठावीस वर्षं सोल्डरिंग केलं. कारखाना बंद झाला, हात बंद झाले नाहीत. लिथियमचं काम मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकले, आणि एक सेल फुगवून शिकले. तो फुगलेला सेल रिकामा करून शोकेसमध्ये ठेवलाय. पाहुण्यांना वाटतं, ट्रॉफी आहे.

हे सगळे किस्से मनोरीतल्या एका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन पोचतात. तो आपल्या घरात राहणार की मुलाच्या अंधेरीच्या फ्लॅटमध्ये जाणार, हे आठ सेलवर ठरायचं होतं. पण सुरुवात आमच्या जिन्याखालची.

*

सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं. त्यावर जिन्यातले दिवे आणि गेटचा कॅमेरा चालायचा. वर्षभरात दिवे रात्रीचे आठ वाजले की मान टाकायला लागले. ज्याने बसवलं तो कॉन्ट्रॅक्टर आला, आणि झाकणसुद्धा न उघडता म्हणाला, "बॅटरी गेली. नवीन घ्या."

मी मल्टिमीटर घेऊन खाली उतरले.

"काकू, हात लावू नका. लिथियम आहे, तुमच्या हाताला सवय नाही."

"मेल्या, तुझ्या जन्माच्या आधीपासून या हाताला चटके बसतायत. झाकण काढ."

काढलं. आत आठ सेल. सात ठणठणीत, एक मागे पडलेला.

आता हे एकदाच समजावून सांगते. आठ सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांच्यावर एक छोटं सर्किट असतं. त्याला बीएमएस म्हणतात, मी रखवालदार म्हणते. आठांतला एक जरी रिकामा झाला तरी रखवालदार सगळी बॅटरी बंद करतो, नाहीतर तो एक मरेल. मग बाकी सात अर्धे भरलेले का असेनात. भरताना उलटं. एक काठोकाठ भरला की आठांचं भरणं बंद. म्हणजे बॅटरीची ताकद किती, तर तिच्यातल्या सगळ्यात मागे राहिलेल्याची जेवढी असेल तेवढी. आठांना एका पातळीवर आणायचं, याला म्हणतात बॅलन्स करणं. त्यात जादू काही नाही. वाट बघायची असते, आणि तेच कुणाला जमत नाही.

आठही सेल सोडवून जिन्याखालच्या खोलीत मांडले. आमचे सेक्रेटरी तावडे आगीच्या भीतीने रेतीची बादली घेऊन तीन दिवस दारात उभे. चौथ्या दिवशी बिल्डिंगच्या मांजरीने त्या बादलीत आपला कार्यक्रम उरकला.

"परबबाई, आता आग लागली तर हो?"

"तर मांजरीला बोलवा."

दिवे पुन्हा सकाळपर्यंत राहायला लागले. आठवड्याने तो कॉन्ट्रॅक्टर आला, एकटाच. चप्पल बाहेर काढून आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, कसं केलंत ते दाखवाल?" मी दाखवलं. शिकायला आलेल्याला मी कधी परत पाठवत नाही. त्याने आधी चप्पल काढली, हेही मी बघितलं होतं.

*

दीपा तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. इंजिनिअर. अंधेरीला कंपनीत जाते. जिन्याखालची खोली बघून एका रविवारी लॅपटॉप घेऊन उतरली. आठ सेलचे व्होल्ट मोजले आणि म्हणाली, "काकू, सगळे तीन पॉइंट तीस. सगळे सारखे. झालं की बॅलन्स."

"नाही झालं."

"अहो, आकडे सारखे आहेत."

"आकडे सारखे आहेत. भरणं सारखं नाही."

या सेलची एक खोड आहे. तीस टक्के भरलेला असो की सत्तर टक्के, मधल्या पट्ट्यात व्होल्ट जवळपास तेच दाखवतो. पूर्ण भरायला आला की मगच आकडा चढतो, आणि पूर्ण रिकामा व्हायला आला की मगच पडतो. म्हणून सगळ्यांना शेजारी शेजारी जोडून, छोट्या चार्जरवर, पार वरच्या टोकापर्यंत नेऊन सोडावं लागतं. वर पोचल्यावरच कोण खरा भरलेला ते समजतं.

दीपा अर्धा तास भांडली. मी तिला दोन सेल दिले, दोन्ही तीन पॉइंट तीस. "घरी ने आणि दोन्हींवर एकसारखा गाडीचा बल्ब लाव." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली आली. एक बल्ब दुपारीच विझला होता, दुसरा अजून जळत होता. खडू उचलला आणि भिंतीवर लिहिलं: मधल्या व्होल्टवर विश्वास ठेवायचा नाही. खाली माझं नाव घातलं, सु. परब.

त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. पुढे काय झालं ते येतंच आहे.

*

यमुना मनोरीची कोळीण. बोरिवलीच्या मार्केटात बसते, आणि मी वीसएक वर्षं मासळी तिच्याकडूनच घेते. आमची मैत्री म्हणजे भांडण. ती बांगड्याला ताजा म्हणणार, मी त्याचा कल्ला उघडून दाखवणार.

एक दिवस भाव सांगताना तिचं लक्षच नव्हतं. मी सुरमई उलटीपालटी केली तरी एक शिवी नाही. म्हटलं, "यमुने, काय झालं गं?"

तिचा नवरा पांडू नाखवा. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, समुद्रावर सगळ्यांनी ज्याचं ऐकायचं तो. आता त्याची छाती गेली होती. ऑक्सिजनचं मशीन घरी बसवलेलं, विजेवर चालणारं. मे महिन्यात वादळी वारा सुटला, गावची लाइट गेली ती दुपारपर्यंत आली नाही. घरात एक छोटा सिलेंडर होता, तो संपत आला. मुलगा हेमंत अंधेरीहून निघाला, मार्वेच्या जेट्टीवर पोचला, तर वाऱ्यामुळे फेरीबोट बंद. एवढीशी खाडी, समोर गाव दिसतंय, आणि हा अलीकडे उभा. शेवटी भाईंदरवरून वळसा घालून गेला. तोवर लाइट आली होती. पण पोराच्या मनात वाटेतले ते तीन तास बसले ते बसलेच.

"तो बोलतो, बाबांना घेऊन जातो. फ्लॅट सातव्या माळ्यावर हाय, लाइट जात नाय, लिफ्ट हाय." यमुना कोयता पुसत होती. "त्याचं पण चुकत नाय गं ताय. पण म्हातारा जेवत नाय तेव्हापासून. दारात बसून पाणी बघतो नुस्ता."

मी म्हटलं, "घरावर ऊन पडतं का?"

"पडेल नाय तर जाईल कुठं?"

मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने सांगितलं की मशीन चोवीस तास चालेल अशी बॅटरी मी करून देते. हेमंतला फोन लावला. तो पोरगा शांत बोलला. म्हणाला, "काकू, चोवीस तास मेन स्विच बंद ठेवून चालवून दाखवा. माझ्यासमोर. चाललं तर बाबा तिथे राहतील. नाही चाललं तर मी त्यांना घेऊन येणार, आणि मग तुम्ही कुणी मधे बोलायचं नाही."

मला ते पटलं. मी पण तेच म्हटलं असतं.

*

आठ सेल मनोरीला न्यायचे म्हणजे फेरीबोटीने. एकेक सेल पाच किलोच्या वर. दीपाने सुटी काढली. आम्ही सेल जुन्या साड्यांत गुंडाळले आणि यमुनाच्या मासळीच्या दोन टोपल्यांत ठेवले, कारण तेवढ्या मजबूत टोपल्या दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

बोटीवरच्या माणसाने टोपली उचलायला हात घातला आणि तशीच ठेवली. "मावशी, यात काय दगड भरलेत?"

यमुना म्हणाली, "तुझ्या काकाचा श्वास हाय. नीट उचल."

गावातला प्रत्येक जण नाखव्याला ओळखत होता. पलीकडे उतरताना त्या टोपल्यांना हात लावायला सात-आठ माणसं पुढे आली. दीपा मला म्हणाली, "काकू, ऑफिसात मी लॅपटॉप पडताना पकडला तरी कुणी बघत नाही."

*

बॅटरी बसली, पॅनेल बसले, आता बटण दाबायचं. मागे वळते तर यमुना आरतीचं ताट घेऊन उभी, आणि हातात नारळ वर उचललेला. बॅटरीवरच फोडणार होती.

आयुष्यात मी एवढ्या जोरात कधी धावले नाही. नारळ हवेतल्या हवेत धरला. "यमुने, याच्यात पाणी असतं!"

"मग? बोटीवर पण फोडतो."

"बोट पाण्यातच असते गं बाई."

शेवटी नारळ उंबऱ्यावर फुटला. हळदकुंकू लावायचंच म्हणून हटून बसली, तेव्हा मी तिला बॅटरीच्या लाकडी पेटीची बाहेरची बाजू दाखवली. नाखवा खाटेवरून बघत होता. नाकात नळी, अंगात बंडी. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य असं: "बाय, तू नारळ झेललास. आमच्या बोटीवर असतीस तर तुला पहिल्या दिवशी घेतलं असतं."

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मी गाळणार होते. दीपा म्हणाली, हा गाळला तर बाकीचे फाडून टाका.

पहिली परीक्षा शनिवारी सकाळी आठला सुरू झाली. हेमंतने स्वतः मेन स्विच पाडला. दिवसभर ऊन चांगलं होतं. मशीन घुरघुरत राहिलं, मी पाय पसरून बसले आणि हेमंतला रेडिओच्या लाइनच्या गोष्टी सांगितल्या. रविवारी पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, मशीन बंद पडलं. चोवीस तास व्हायला दोन तास होते.

यमुनाने सिलेंडर लावला, हेमंतने मेन स्विच वर केला. दोन मिनिटांचं काम. कुणाला काही झालं नाही.

मी मीटर लावला. सात सेल मजेत, बरेचसे भरलेले. पाच नंबर रिकामा. रखवालदाराने त्याच्यासाठी सगळं बंद केलं होतं.

हे का झालं ते मला मीटर लावायच्या आधीच कळलं होतं. मार्केटात मोठ्याने बोलून बसले होते आणि हेमंतची तारीख जवळ आली होती. छोट्या चार्जरवर आठांना वरपर्यंत न्यायला पाच दिवस लागतात. मी सेल एक रात्र शेजारी शेजारी जोडून ठेवले, सकाळी मोजले, सगळे तीन पॉइंट तीस. सगळे सारखे. झालं बॅलन्स, असं म्हणून टोपलीत भरले. ज्या भिंतीवर माझं नाव लिहिलंय त्या भिंतीकडे पाठ करून भरले.

हेमंतने नाखव्याची बॅग आधीच भरून ठेवली होती. ती उचलली. मी त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "बॅटरीची चूक नाही. सेलची नाही. मी घाई केली. मला माहीत असून केली." माझ्या तोंडून हे वाक्य निघालेलं ऐकून यमुना खाली बसली.

खाटेवरून नाखवा बोलला. थांबत थांबत, मशीनच्या श्वासाने. "हेमू. बाय खोटं बोलली असती तर... आपल्याला काय कळलं असतं? तिला आणखी एक फेरी दे."

हेमंतने बॅग खाली ठेवली. उघडली मात्र नाही. "पुढचा शनिवार," म्हणाला.

*

पाच दिवस मी मनोरीला राहिले. आठ सेल नाखव्याच्या खाटेशेजारी जमिनीवर शेजारी शेजारी मांडले, तांब्याच्या पट्ट्यांनी जोडले, छोटा चार्जर लावला. मग वाट बघायची.

पहिल्या दिवशी नाखव्याने विचारलं, "आता काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

"हे मला येतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सेलना नावं दिली. त्याच्या बोटीवर आठ माणसं असायची. एक नंबर तो स्वतः, दोन नंबर त्याचा भाऊ, असं करत करत पाच नंबरला आला. "हा गजा."

गजा कोण, ते यमुनाने सांगितलं. बोटीवरचा एक खलाशी. पायाने थोडा अधू, जाळं ओढताना नेहमी मागे. आता नाही, जाऊन बरीच वर्षं झाली. बाकीचे म्हणायचे, याला अर्धा वाटा द्या. नाखव्याने कधी दिला नाही. किनाऱ्यावर मासळीचे सारखे ढीग करायचे. एकाला पाठ फिरवून उभा करायचा. नाखवा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" आणि पाठ फिरवलेला न बघता नाव घेणार. ज्याचं नाव त्याचा तो ढीग. मोठा कुठला, छोटा कुठला, भानगड नाही. गजाचं नाव प्रत्येक वेळी घ्यायचंच, पूर्ण ढिगावर.

चौथ्या दिवशी मी पाच नंबरची वेगळी तपासणी केली. भरला व्यवस्थित, पण मुळातच त्याची ताकद बाकीच्यांपेक्षा थोडी कमी होती. म्हटलं, "नाखवा, हा बदलते. बोरिवलीला माझ्याकडे नवा आहे. दीपा घेऊन येईल."

"याने काय वाईट केलं?"

"वाईट काही नाही. पण हा सगळ्यांच्या आधी दमणार."

"दमतो. पळून तर जात नाय ना?" नळी सारखी करून तो माझ्याकडे बघायला लागला. "सगळ्यांच्या आधी दमणाऱ्याला काढायचा, तर पहिला मना काढ."

दीपाला फोन करून सांगितलं, सेल आणू नकोस. मी हिशोब पुन्हा मांडला, दोन पॅनेल वाढवले, आणि यमुनाला बजावलं की बॅटरीवर मशीन आणि एक दिवा, तिसरं काही लावायचं नाही. पाच नंबर ज्या चालीने चालेल त्या चालीने बाकी सात चालतील असं करायचं. यात लाजण्यासारखं काही नाही. अठ्ठावीस वर्षं आमची लाइनसुद्धा सगळ्यात हळू हाताच्या चालीनेच चालायची. पहिली दोन वर्षं तो हात माझा होता.

*

दुसरा शनिवार. मेन स्विच हेमंतनेच पाडला. या वेळी मी गोष्टी सांगितल्या नाहीत. आभाळ भरून होतं, ऊन येत-जात होतं.

दीपाने बॅटरीला एक छोटं यंत्र जोडलं होतं. त्यामुळे आठही सेलचे आकडे, आणि मशीन वीज खातंय की नाही, हे मोबाइलवर कुठूनही दिसायचं. हेमंतने ते स्वतःच्या फोनवर घेतलं आणि रविवारी सकाळी सहापासून त्यातून डोळा काढला नाही. सातला म्हणाला, "काकू, पाच नंबर उतरतोय."

"मला दिसतोय."

"बंद पडेल?"

"माहीत नाही." मी त्या घरात आता काहीच छातीठोक बोलत नव्हते.

साडेसातला यमुनाने दिवा मालवला, म्हणाली उजाडलंय, कशाला हवा. पावणेआठला एका बाजूने ढग फाटला आणि पॅनेलवर थोडं ऊन आलं. पाच नंबर जिथे होता तिथे थांबला. मशीन घुरघुरत होतं.

आठ वाजले. हेमंत मेन स्विचकडे गेला तर नाखव्याने हात वर केला. "थांब. आधी हजेरी घे."

हेमंतला कळेना. यमुनाने नावं सांगितली, तो फोनवर बघून एकेक आकडा वाचत गेला. चौथा झाला. मग त्याने स्वतःच म्हटलं, "गजा." आणि म्हणाला, "आहे, बाबा."

त्याने बॅग उघडली. बंडी, टॉवेल, औषधं, एकेक काढून कपाटात लावली. दोन सिलेंडर मात्र आणून कोपऱ्यात ठेवले, आणि मी म्हटलं, शाबास. बॅटरी मी केली असली तरी सिलेंडर हवाच.

*

त्यानंतर रोज सकाळी मला अंधेरीहून मेसेज यायला लागला. "काकू, गजा तीन पॉइंट एकतीस. ठीक ना?" हा पोरगा आधी आठवड्यातून एकदा बापाला फोन करायचा. मी उत्तर द्यायचे, ठीक. कधी कधी लिहायचे, गजाला विचारतोस, बापाला विचारलंस का? त्यावर तो नुसता अंगठा पाठवायचा. पण मग दहा मिनिटांनी यमुनाचा फोन वाजायचा, हे ती मला मार्केटात सांगायची.

एका मंगळवारी मी मनोरीलाच होते, पट्ट्यांचे नट आवळायला. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, ते घासावं लागतं. काम आटपून यमुनाबरोबर तासाभरापासून मागच्या अंगणात चहा पीत बसले होते. दुपारी तीनला हेमंतचा फोन. आवाज चढलेला. "काकू, मशीन तासभर बंद दिसतंय. घरी कुणी फोन उचलत नाही. मी निघालोय, जेट्टीवर आहे."

मी आत बघितलं. खाट रिकामी. नळी उशीवर नीट गुंडाळून ठेवलेली. डॉक्टरांनी त्याला थोडा वेळ मशीनशिवाय बसायला परवानगी दिली होती, पण थोडा वेळ म्हणजे किती, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. यमुनाचा फोन पिठाच्या डब्यावर पडला होता. आम्ही दोघी किनाऱ्याकडे धावलो.

नाखवा वाळूत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता, छोटा सिलेंडर मांडीवर घेऊन. भावाच्या पोरांची बोट लागली होती आणि त्यांनी काकाला पुढच्या दारातून उचलून आणलं होतं, कारण वाटे कसे करायचे यावरून त्यांची जुंपली होती. आठ ढीग मांडलेले. पाठ फिरवून कुणाला उभं करायचं यावर अजून भांडण चाललेलं. ज्याचं नाव निघेल त्याच्याबद्दल बाकीचे म्हणत होते, तो आपल्या माणसाकडे झुकतो.

तेवढ्यात फेरीबोटीतून हेमंत उतरला आणि धावत आला. ऑफिसचा शर्ट, काळे बूट, गळ्यात कंपनीचं कार्ड. बापाला बघून थांबला. धाप लागली होती त्याला. नाखव्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"दमलास?"

"बाबा, तुम्ही..."

"पाठ फिरव."

"काय?"

"पाठ फिरव बोलतो. तू कोणाचा नाय, तू अंधेरीचा. उभा रहा."

हेमंतने पाठ फिरवली. वाळूत बूट रुतले. नाखव्याने पहिल्या ढिगावर काठी ठेवली. "हा कोणाचा?" हेमंत चुलतभावांची नावं आठवत आठवत घ्यायला लागला. एक गेला, दोन गेले. यमुना माझा हात धरून उभी होती. सहा झाले, सात झाले. नावं संपली होती. बोटीवर माणसं सातच होती, आठवा ढीग बोटीचा, म्हणजे डिझेल-दुरुस्तीसाठी काढलेला, आणि हे अंधेरीच्या पोराला माहीत नव्हतं.

"हा कोणाचा?" नाखव्याने आठव्यावर काठी ठेवली.

हेमंतने रुतलेला बूट वाळूतून काढला.

"गजाचा," म्हणाला.

नाखव्याने काठी उचलली नाही. भावाच्या थोरल्या पोराने काकाकडे बघितलं, मग खाली वाकून तो सगळा ढीग टोपलीत भरला आणि "गजाला आता तूच सांभाळतेस ना, मावशी," म्हणत माझ्यासमोर आणून ठेवला.

बांगडे होते. कल्ले मी उघडून बघितले नाहीत.